पेटीवरचा पहारा

"बाबा, फोन ठेवू नका! मीच बोलतोय. नंबर माझा नाहीये, पण मीच आहे. आधी ऐका."

गेटकाकांनी फोन कानापासून लांब धरून नंबर पाहिला. अनोळखी. हातातला अर्धवट सोललेला बटाटा ओट्यावर ठेवला, हात सदऱ्याला पुसला आणि फोन पुन्हा कानाला लावला.

"मीच म्हणजे कोण?"

"अहो बाबा, मी! आईला बसमध्ये त्रास झाला. छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतंय म्हणाली आणि नुसती घामाने भिजली. हायवेवर पुलापलीकडे ते हॉस्पिटल आहे ना, तिथे उतरवलंय तिला. गडबडीत माझा फोन बसमध्येच राहिला, चार्जिंगला लावला होता. तिची पिशवीपण तिथेच गेली. हा इथल्या वॉर्डबॉयचा फोन आहे. डॉक्टरांना तिचा जुना ईसीजी बघायचाय, आत्ताच्या आत्ता. आपल्या पेटीत आहे तो. मी पासवर्ड टाकलाय. आता तुमच्या टॅबवर विचारेल, नवीन फोन जोडायचा का म्हणून. तुम्ही फक्त 'परवानगी' दाबा. बास, एवढंच."

टेबलावरचा टॅब टुंग करून उजळला. पडद्यावर दोन चौकोन आले. हिरव्यात 'परवानगी', तांबड्यात 'नकार'.

आता कुणीही म्हणेल, बायको हॉस्पिटलात, पोरगा रडकुंडीला आलेला, मग दाबायला काय जातंय? एक बोट तर हलवायचं. पण गेटकाकांना तुम्ही ओळखत असता तर असं म्हणाला नसता.

रंगाच्या कारखान्याच्या फाटकावर त्यांनी उभी हयात काढली होती. कारखान्यात ते गेटवाले होते, इमारतीत आले ते गेटकाका झाले, आणि निवृत्त झाल्यावरही ते गेट काही त्यांच्या मानगुटीवरून उतरलं नाही. एकदा खुद्द मालकांचा जावई बिनपासाचा आला, तर ह्यांनी त्याला भर उन्हात उभं करून आत फोन लावला. "साहेब, तुमचे जावई म्हणवणारे एक गृहस्थ आलेत, सोडू का?" मालक पोट धरधरून हसले. जावई हसला नाही. पुढे बरीच वर्षं तो गाडीची काच दोन बोटं खाली करून पास बाहेर काढायचा आणि तोंड दुसरीकडे वळवून बसायचा. गेटकाका तरीही पास उलटसुलट करून बघायचे.

पेटी आणली ती पोराने. घरी बसून तो दुकानदारांचे हिशेब आणि करांची कामं करायचा. लोकांचे कागद, घरचे कागद, फोटो, आईच्या सगळ्या तपासण्या, जे काही म्हणून होतं ते त्याने एका काळ्या डब्यात भरलं आणि डबा फडताळात ठेवला. बुटांच्या खोक्याएवढा तो डबा, समोर चार दिवे लुकलुकणारे. घरात सगळे त्याला पेटीच म्हणायचे. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी तर जिन्यात काकूंना गाठून विचारलं होतं, "घरात पेटी आणलीत म्हणे! आता या वयात गाणं शिकताय की काय?" काकू म्हणाल्या, "शिकायचं कसलं! ह्यांचा सूर लागायची वाट बघतेय, लग्न झाल्यापासून."

पेटी आली आणि घरातला कागद संपला. पूर्वी काकू कुठेही निघाल्या की रिपोर्टांची जाडजूड फाईल काखेत असायची. आता पोरगा म्हणायचा, कशाला ओझं वागवतेस, मी कुठूनही पेटी उघडून दाखवीन. आणि दाखवायचाही. पण त्याच्या ओळखीच्या एका कंत्राटदाराने आपली पेटी बाहेरच्या जगाला सताड उघडी ठेवली होती, तिच्यात चोर शिरले आणि सगळ्या फायलींना आपली कुलपं ठोकून गेले. तेव्हापासून पोराने आपल्या पेटीची झाडून सगळी दारं बंद केली आणि एकच चोरवाट ठेवली. तिच्यातून फक्त ओळखीचे फोन ये-जा करणार. अनोळखी फोन आला तर त्याला पोराचा पासवर्ड तर लागणारच, शिवाय घरातून गेटकाकांचा होकारही लागणार. काकांच्या टॅबला मात्र पेटीच्या आतलं काहीएक दिसत नसे. "किल्ली माझ्याकडे, फाटक तुमच्याकडे," पोरगा म्हणाला होता. काकांना ते फार पटलं होतं. कारखान्यातही फाटकावरच्या माणसाकडे गोदामाची किल्ली कधी देत नसत. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना कामावर ठेवलं होतं, आणि ते काम ते मन लावून करत होते.

नियमही पोरानेच घालून दिला होता. मास्तरीणबाईंना त्यांच्या भाच्याच्या आवाजात फोन आला होता, तो प्रकार झाल्यावर. मशीनवर बनवलेला आवाज, पण तोच हेल, तेच लाडात 'मावशे' म्हणणं. बाई पुरत्या नागवल्या गेल्या. त्या दिवशी पोराने काकांना समोर बसवून सांगितलं, "बाबा, अनोळखी नंबरवरून कुणी माझ्या आवाजात बोललं तर सरळ ठेवून द्यायचा. मी रडलो तरी. आईचं नाव घेतलं तरी. मग माझ्या स्वतःच्या नंबरवर फोन करून खात्री करायची. अहो, पेटीत काय माझं एकट्याचं आहे का? शंभर लोकांचं आहे. कबूल?"

"कबूल," काका म्हणाले होते.

आणि आता तोच आवाज रडत होता आणि आईचं नाव घेत होता.

"ठेवतो," काका म्हणाले.

"बाबा, नाही! बाबा..."

काकांनी फोन ठेवला आणि टॅबवरच्या तांबड्या चौकोनावर बोट टेकवलं.

मग त्यांनी पोराचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली, कुणी उचलेना. पुन्हा लावला. पुन्हा तेच. काकूंचा लावला, तर तो बंद. काकूंचा फोन कायम बंदच असायचा. म्हणे बॅटरी वाचते. कशासाठी वाचवतेस बाई, असं विचारलं की म्हणायच्या, "अडीअडचणीला असावी." काकांना आत्ता त्या बॅटरीचा असा राग आला की बस्स.

मायलेक काकूंच्या थोरल्या बहिणीला बघायला गेले होते. ती पडली होती, पाय प्लास्टरमध्ये होता. काकांनी तिला फोन लावला.

"निघाले की दुपारच्याच बसने," मेव्हणीबाई म्हणाल्या. "रात्री जेवायला पोचतील. का हो? काही झालं का?"

"छे, छे. सहज केला," काका म्हणाले. 

म्हणजे बसचं खरं. पण बसने गेलेत हे इमारतीत सगळ्यांना ठाऊक होतं. दूधवाल्यालासुद्धा काकूंनी उद्या अर्धाच लिटर टाक म्हणून सांगितलं होतं. आपणच दवंडी पिटायची आणि मग चोराला कसं कळलं म्हणायचं, याला काय अर्थ आहे?

फोन पुन्हा वाजला. मघाचाच नंबर.

"काय केलंत हे बाबा! नकार दाबलात? आता हा फोन बाद झाला. याच्यावरून कितीही डोकं आपटलं तरी पेटी आता तुम्हाला विचारणार नाही. मीच तसं करून ठेवलंय ना! आता दुसऱ्या कुणाचा तरी फोन मागायला लागेल मला."

"माझ्या बायकोला फोन दे."

"तिच्या तोंडावर ऑक्सिजन आहे हो! कशी बोलणार ती?"

ते उत्तर काकांना मुळीच आवडलं नाही. मास्तरीणबाईंच्या भाच्यालाही दोन वाक्यांनंतर बोलता येईना झालं होतं. जबडा मोडलाय म्हणून पुढचं सगळं दुसराच कुणीतरी बोलला होता.

"बाबा, नीट ऐका. डॉक्टर म्हणतात, ईसीजीच्या पट्टीत दोष दिसतोय. तो नवा असेल तर रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन लगेच द्यायला हवं. आणि जुनाच असेल तर अजिबात द्यायचं नाही. मागच्या वर्षी तिला पोटात रक्तस्राव झाला होता ना, तो त्या इंजेक्शनने पुन्हा सुरू झाला तर यांना थांबवता यायचा नाही. जुनी पट्टी बघितल्याशिवाय कळत नाही म्हणतात. आपल्या डॉक्टरांचा दवाखाना आज बंद आहे, तिथे कुणी फोन उचलत नाही. मी काय करू सांगा!"

"पोटाचं दुखणं चार जणांना माहीत आहे."

"तुम्हाला माझा आवाज कळत नाही का हो?"

"कळतोय. हुबेहूब आहे."

"मग?"

"हुबेहूब आहे म्हणूनच."

 पलीकडून एक आवंढा गिळल्याचा आवाज आला आणि त्यानंतर हुंदका. पोरगा लहानपणापासून असाच रडायचा. आधी आवंढा गिळणार, रडू की नको असं स्वतःला विचारणार, आणि मग रडणार. शाळेच्या पहिल्या दिवशीही फाटकाच्या गजांना धरून तो तसाच रडला होता.

 हा आपलाच पोरगा आहे हे त्यांना त्या क्षणी कळलं. पुढे त्यांनी स्वतःला आणि दुसऱ्यांना कितीही कारणं दिली, तरी खरं ते खरंच, त्यांना कळलं होतं. तरीही त्यांनी फोन ठेवला. मला वाटलं म्हणून सोडलं, असं वाक्य त्यांनी आयुष्यात कधी कुणाला ऐकवलं नव्हतं. वाटणं वेगळं आणि खात्री वेगळी. पण ही शहाणपणाची गोष्ट त्यांना आठवत होती तेव्हा पुलापलीकडे त्यांची बायको पडली होती.

ते टॅब आणि फोन घेऊन वरच्या मजल्यावर गेले. दार वाजवायचं सोडून त्यांनी ते ढकललंच.

"बाई, पुलापलीकडच्या त्या हॉस्पिटलचा नंबर आहे का तुमच्याकडे? तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन तिथेच झालं ना?"

त्यांचा अवतार बघून मास्तरीणबाईंनी काही न विचारता कपाट उघडलं. डोळ्यांची फाईल शोधता शोधता त्यांनी काकांकडून सगळं काढून घेतलं. शिकवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे कुणाला बोलतं कसं करायचं ते त्यांना बरोबर ठाऊक होतं.

"काका, दाबून टाका ते हिरवं," त्या म्हणाल्या.

"तुम्ही म्हणता हे? तुमच्यावर एवढं गुदरलं, तरी?"

"म्हणून तर म्हणते. मी फसले. लोक हसले, भाऊ अजून टोमणे मारतो. पण समजा मी फोन आपटला असता आणि भाचा खरंच तिथे पडलेला असता, तर? पैसे गेले, ते गेले. ते माझं मी सोसलं."

"ते तुमचे होते बाई. पेटीत दुसऱ्यांचं आहे. मी कुणाच्या जिवावर उदार होऊ?"

"आणि तिच्या जिवाचं काय?"

 बाईंनी फाईल त्यांच्या पुढ्यात धरली. वरच्या बाजूला नंबर छापलेला होता. काकांनी तो एकेक आकडा वाचत लावला.

पलीकडून एका बाईचा आवाज आला. मागे कुणीतरी खोकत होतं, ढकलगाडीचं चाक कुरकुरत होतं.

"नमस्कार, चौकशी काउंटर."

"अहो, माझी बायको तिथे आणलीय का हो? आत्ताच, बसमधून उतरवून. छातीत दुखतंय तिच्या."

"आपण कोण?"

"मी नवरा तिचा."

"काका, पेशंटची माहिती आम्ही फोनवर देत नाही. आपण समक्ष या."

"समक्ष कसा येऊ? दोन तासांचा रस्ता आहे! एवढंच सांगा, आणलीय की नाही."

"तेसुद्धा सांगता येत नाही. मागे एकाने असाच नवरा म्हणून फोन केला आणि निघाला भलताच. त्या बिचारीला मारहाण करणाराच होता तो, त्याच्यापासूनच पळून आली होती ती. आम्हाला कसं कळणार, कोण नवरा आणि कोण नाही?"

"अहो बाई, माझी बायको मरतेय तिथे!" काका ओरडले. मास्तरीणबाई दचकल्या.

"सगळे असंच म्हणतात, काका," काउंटरवरची बाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. तिलाही ते वाक्य रोज बोलावं लागत असणार.

काका तिथल्या खुर्चीत मटकन बसले. त्यांना तिचा राग यायला हवा होता, आणि आलाही होता. पण त्याच्याखालीच दुसरं काहीतरी होतं. तिच्या जागी आपण असतो तर हेच आणि याच शब्दांत बोललो असतो. बाहेर उभा असलेला माणूस कसा दिसतो ते त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं, पण बाहेर उभं राहणं हे असं असतं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मालकांच्या जावयाचं तोंड त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"बरोबर आहे तुमचं," ते म्हणाले. "मला काही सांगू नका. मी सांगतो ते तुम्ही करा, जमलं तर. तिथे एक तरुण माणूस असेल, जाड भिंगांचा चष्मा, निळा शर्ट. वॉर्डबॉयच्या फोनवरून फोन लावत फिरत असेल. तो माझा मुलगा असेल तर त्याला तुमच्याजवळ बोलवा आणि तुमच्या या फोनवर बोलू दे. तुम्ही मला काहीच सांगितलं नाही असं होईल. आणि मी तुमच्या फोनवर विश्वास ठेवीन, कारण हा नंबर मी लावलाय, त्याने नाही दिलेला."

 "तसा एक जण आहे," पलीकडची बाई हळूच म्हणाली आणि लगेच जीभ चावल्यासारखी गप्प झाली. "थांबा. फोन ठेवू नका."

काका थांबले. ढकलगाडी एकदा जवळ आली आणि लांब गेली. कुणीतरी कुणाला तरी कापूस आणायला सांगितलं. मास्तरीणबाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि कधी नव्हे ते त्यांनी तो राहू दिला. मग पळत येणाऱ्या पावलांचा आवाज आला.

"बोला," पोरगा म्हणाला.

बाबा नाही, काही नाही. नुसतं बोला.

"कुणाचा फोन घेतोयस?"

"या काउंटरवरच्या ताईंचा. देतायत त्या."

"लाव."

त्यानंतरचा वेळ काकांनी टॅबकडे टक लावून काढला. पलीकडे पोरगा अक्षरं टाकत होता, एकदा चुकला, 'शी!' म्हणाला, पुन्हा टाकू लागला. टॅब टुंग झाला. दोन चौकोन आले. काकांनी हिरव्यावर बोट दाबलं आणि ते उचलायचंच विसरले.

"झालं, झालं. सोडा," पोरगा म्हणाला, आणि रिसीव्हर काउंटरवर तसाच टाकून ताईंचा फोन घेऊन पळाला.

काका धावत खाली आपल्या घरात आले. फडताळ उघडलं. पेटीचे दिवे, जे एरवी आळसावल्यासारखे उघडमीट करायचे, ते आता भराभरा लुकलुकत होते. म्हणजे कुणीतरी आत होतं, काहीतरी घेऊन जात होतं. काका त्या दिव्यांपुढे हात जोडावेत की काय अशा विचारात उभे राहिले आणि शेवटी नुसतेच फडताळाला धरून राहिले. थोड्या वेळाने दिवे पुन्हा मंद झाले. आता त्या कागदाने काय केलं ते विचारायला कुणी नव्हतं.

मास्तरीणबाईंनी खाली येऊन चहा केला. तो ओट्यावर निवला, त्यावर साय धरली. अर्धवट सोललेला बटाटा काळा पडला.

फोन वाजला तो काउंटरच्याच नंबरवरून.

"जुनाच दोष आहे," पोरगा म्हणाला. "अगदी तसाच्या तसा. डॉक्टरांनी दोन्ही पट्ट्या शेजारी धरून बघितल्या. ते इंजेक्शन नाही देत आता. सिस्टरने भरून ठेवलं होतं, बाबा. हातात घेऊन उभी होती ती. आणखी थांबता येणार नाही म्हणाले होते डॉक्टर."

"मग हे झालं कशाने?"

"रक्तातले क्षार फार उतरलेत म्हणे. रक्तदाबाच्या त्या नव्या गोळ्यांनी. सलाईन लावलंय. धोका पुरता टळलेला नाही, पण बोलतेय."

"मी निघतो लगेच."

"नको. तुम्ही तिथेच थांबा. आणखी रिपोर्ट लागणार आहेत. इथला संगणक जोडायला लागेल, उद्या दुसरे डॉक्टर येणार, त्यांचाही. फाटकावर कुणीतरी पाहिजे ना!"

शेवटचं वाक्य त्याने कोणत्या हेतूने म्हटलं ते काकांना कळलं नाही. ते "बरं" म्हणाले. मास्तरीणबाई पदराने डोळे पुसत होत्या. काका रडले नाहीत. त्यांनी काळा पडलेला बटाटा टाकून दिला आणि दुसरा सोलायला घेतला, कुणासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

पुढचे दिवस असेच गेले. बायको तिथे आणि नवरा इथे, पेटीपाशी. टॅब टुंग झाला की काका पोराला काउंटरवर फोन लावून विचारायचे, "आत्ताचा कुणाचा?" पोरगा सांगायचा, काका हिरवं दाबायचे. काउंटरवरची बाई आता त्यांचा आवाज ओळखायची, तरी प्रत्येक वेळी "आपण कोण?" असं विचारायची, आणि काका प्रत्येक वेळी नीट सांगायचे.

काकू घरी आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बोटभर झाला होता. पोराने हाताला धरून गाडीतून उतरवलं. काका पुढे झाले, तर त्यांच्या हातात पिशवी आली. बसवाल्यांनी ती परत केली होती, पोराचा फोनही. त्यात काकांचे हुकलेले फोन होते, एकाखाली एक. पोराने ते वाचले होते की नाही, कुणास ठाऊक. तो काकांशी बोलत होता, पण गोळ्या कधी द्यायच्या, पाणी किती प्यायचं, एवढंच. चिडावं तर नियम त्याचाच, न चिडावं तर ती संध्याकाळ काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तसं त्याचं झालं होतं.

जेवणं झाल्यावर तो टॅब घेऊन बसला.

"बाबा, ही परवानगीची भानगड मी माझ्याच दुसऱ्या फोनवर घेतो. आता तुम्हाला उगाच ताप नको."

"बरं," काका म्हणाले. कारखान्यातून निवृत्त होताना साहेबांनी फाटकाची शिट्टी परत मागितली, तेव्हाही ते एवढंच म्हणाले होते.

काकू खुर्चीत डोळे मिटून बसल्या होत्या. झोप लागली असेल असं दोघांना वाटलं होतं.

"राहू दे त्यांच्याकडेच," त्या म्हणाल्या.

"अगं पण आई, तुला माहीत नाही तिथे काय..."

"मला माहीत नाही? मास्क तोंडावर होता रे, कानांवर नव्हता. तू रडत होतास आणि हे फोन ठेवत होते. सगळं ऐकलंय मी." त्यांना धाप लागली. थोडं थांबून त्या नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या, "माझ्यासाठीसुद्धा ज्या माणसाने फाटक उघडलं नाही, तो आणखी कुणासाठी उघडणार आहे? त्यांच्याकडेच राहू दे ते."

पोराने टॅब खाली ठेवला. हे कौतुक की गाऱ्हाणं, ते त्याला कळलं नाही. काकांनाही कळलं नाही, आणि विचारायची त्यांची छाती झाली नाही. काकू खुर्चीच्या हातांवर भार देऊन उठल्या. दोघे धरायला आले, तर त्यांनी हातानेच नको म्हणून सांगितलं आणि भिंतीच्या आधाराने आत गेल्या.

काकांनी भांडी घासली. ओटा पुसला. पुसलेला ओटा पुन्हा पुसला. पोराच्या खोलीतला दिवा मालवला तेव्हा ते आपल्या खोलीपाशी आले. दार नुसतं लोटलेलं होतं. आत काकू पलंगाच्या मधोमध, पाठमोऱ्या झोपल्या होत्या. काका उंबऱ्याशी उभे राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात या दारात त्यांना कधी थांबावं लागलं नव्हतं.

"येऊ का?" त्यांनी विचारलं.

 आत पलंग कुरकुरला. काकू भिंतीकडे सरकल्या होत्या, आणि अलीकडे एका माणसापुरती जागा झाली होती.